तिकीटविक्रीला वेबहूक जोडताना: प्रीटिक्स आणि एन-एट-एन या जोडीचा आढावा

कार्यक्रमाची तिकिटे एका ठिकाणी विकली जातात, पण ती घेणाऱ्यांची नावे लागतात पाच ठिकाणी: बॅज छापणाऱ्याला, केटररला, मेल पाठवणाऱ्याला, दारावरच्या स्वयंसेवकाला आणि हिशेब लिहिणाऱ्याला. बहुतेक आयोजक रोज रात्री यादीची सीएसव्ही फाइल उतरवून सगळ्यांना मेल करतात. घोळ तिथूनच सुरू होतो. सकाळी रद्द झालेले तिकीट केटररच्या यादीत दुसऱ्या दिवसापर्यंत तसेच राहते, आणि कुणाकडची यादी ताजी यावर फोनाफोनी होते. वेबहूक हा यावरचा सरळ उपाय आहे. तिकीटप्रणालीत काही घडले की ती स्वतःहून तुम्ही दिलेल्या पत्त्यावर एक पोस्ट रिक्वेस्ट, म्हणजे वेबवरून माहिती देणारा निरोप, पाठवते आणि पुढचे काम तिथून सुरू होते.

इथे ज्याचा आढावा घेतला आहे ते प्रीटिक्स हे जर्मनीतल्या हायडेलबर्गच्या कंपनीचे तिकीट सॉफ्टवेअर आहे. त्याचा सोर्स उघडा आहे, २०२१पासून तो काही जादा अटींसह एजीपीएल या मुक्त सॉफ्टवेअर परवान्याच्या तिसऱ्या आवृत्तीखाली मिळतो. स्वतःच्या सर्व्हरवर चालवता येतो, नाहीतर त्यांची होस्टेड सेवा घेता येते. दुसऱ्या टोकाला घेतले आहे बर्लिनचे एन-एट-एन, म्हणजे वेगवेगळ्या सेवा जोडून कामे आपोआप चालवणारे साधन, कारण कोड न लिहिता जोडणी करायची आणि तरीही सगळे स्वतःच्या सर्व्हरवर ठेवायचे तर आज तेच सोयीचे पडते. आमचे मत आधीच सांगतो: प्रीटिक्सचे वेबहूक उत्तम आहेत, पण अर्ध्या तासात जोडून विसरून जाण्याची ही गोष्ट नाही. ते काय कबूल करतात आणि काय करत नाहीत हे समजून घेतले नाही, तर कार्यक्रमाच्या दिवशी यादी चुकेल आणि ती चुकली आहे हे कुणाला कळणारही नाही.

पहिली गोष्ट म्हणजे येणारा मजकूर अगदी छोटा असतो. ऑर्डरबद्दलच्या जेसनमध्ये (माहिती मजकुरात मांडण्याची ठरलेली पद्धत) पाचच गोष्टी असतात: सूचनेचा क्रमांक, ऑर्गनायझरचे छोटे नाव, इव्हेंटचे छोटे नाव, ऑर्डरचा कोड आणि काय घडले ते सांगणारी क्रिया. माणसाचे नाव नाही, ईमेल नाही, रक्कम नाही. नवख्याला हे अपुरे वाटते. खरे तर दारावरची बेल वाजावी तेवढेच हे काम आहे. कोण आले ते दार उघडून आपणच पाहायचे. म्हणजे सूचना आली की तो कोड घेऊन प्रीटिक्सच्या एपीआयला, म्हणजे दुसऱ्या प्रोग्रॅमना माहिती देणाऱ्या तिच्या दाराला, विचारायचे, आणि तिथून येईल तीच ऑर्डरची आत्ताची खरी स्थिती.

या एका निर्णयाने बरेच प्रश्न सुटतात. सूचना उलटसुलट क्रमाने आल्या तरी बिघडत नाही. कार्डाने पैसे भरले की ‘ऑर्डर आली’ आणि ‘पैसे मिळाले’ या दोन सूचना एकापाठोपाठ निघतात, आणि कोणती आधी पोचेल याची हमी नसते. सूचनेतच सगळा तपशील असता तर उशिरा पोचलेल्या जुन्या सूचनेने नवी माहिती पुसली असती. इथे दोन्ही वेळा एपीआय ताजेच उत्तर देतो. शिवाय तुमचा वेबहूकचा पत्ता कुणाला कळला आणि त्याने खोटी सूचना पाठवली, तरी तो कोड एपीआयकडे सापडणार नाही आणि काम तिथेच थांबेल. मधल्या सर्व्हरच्या लॉगमध्ये लोकांची नावे पडत नाहीत, हाही फायदा.

तुलनेसाठी इव्हेंटब्राइट ही दुसरी तिकीटसेवा पाहा. तेही तपशील पाठवत नाही, पण सूचनेत एपीआयचा अख्खा पत्ता देते आणि त्या पत्त्यावर टोकनसह (एपीआयची गुप्त किल्ली) विचारणा करा म्हणते. सोयीचे आहे, पण आलेला पत्ता न तपासता तसाच वापरला तर खोट्या सूचनेतून तुमचे टोकन भलत्याच सर्व्हरला मिळू शकते. तिथे पत्त्यातला होस्ट (सर्व्हरचे नाव) इव्हेंटब्राइटच्या एपीआयचाच आहे ना, हे आधी तपासणे अनिवार्य. प्रीटिक्सच्या बाबतीत हीच काळजी वेगळ्या रूपात घ्यावी लागते. एपीआयचा पत्ता बनवताना ऑर्गनायझरचे नाव सूचनेतून उचलू नका, पक्के लिहून ठेवा. इव्हेंटचे नाव तुमच्या ठरलेल्या यादीत आहे का ते पाहा. आणि कोडमध्ये फक्त अक्षरे आणि अंकच आहेत याची खात्री करा.

जोडणीची मांडणी अशी. प्रीटिक्समध्ये ऑर्गनायझर खात्याच्या मेनूत वेबहूकचा विभाग आहे. तिथे लक्ष्य पत्ता द्यायचा, सगळे इव्हेंट की ठरावीक ते निवडायचे आणि हव्या त्या क्रियांवर खूण करायची. सगळ्यांवर खूण करण्याचा मोह टाळा. यादी आणि बॅजसाठी पैसे मिळाले, ऑर्डर रद्द झाली, रद्द झालेली पुन्हा चालू झाली, माहिती बदलली आणि ऑर्डरमध्ये फेरफार झाला एवढ्या पुरतात. ‘ऑर्डर आली’ ही सूचना मोहक आहे, पण ती पैसे येण्याआधीची असते. बँक ट्रान्सफर चालू ठेवले असेल तर अशी ऑर्डर कितीतरी दिवस अर्धवट राहते, आणि त्यातली बरीच माणसे पैसे भरतही नाहीत. त्या सूचनेवर बॅज छापू नयेत.

एन-एट-एनमध्ये काम नोड नावाच्या पायऱ्यांनी बनते आणि त्यांच्या साखळीला वर्कफ्लो म्हणतात. पहिला वेबहूक नोड. पद्धत पोस्ट, आणि पाथमध्ये (पत्त्याच्या शेवटच्या भागात) लांब, अंदाज न येणारी अक्षरे. या नोडला दोन पत्ते असतात: एक चाचणीचा, एक कायमचा. चाचणीचा पत्ता तुम्ही ऐकण्याचे बटण दाबल्यावर फक्त १२० सेकंद जिवंत असतो. तोच प्रीटिक्समध्ये राहून जाणे ही सर्वांत जास्त दिसणारी चूक. तपासताना सगळे छान चालते आणि दुसऱ्या दिवशी प्रत्येक सूचनेला ४०४, म्हणजे ‘असा पत्ता नाही’ असे उत्तर, जाते. कायमचा पत्तासुद्धा वर्कफ्लो सुरू केलेला असेल तरच उत्तर देतो. आणि एन-एट-एन एनजिनएक्स या वेब सर्व्हरच्या मागे चालवत असाल तर वेबहूकच्या मूळ पत्त्याचे एन्व्हायर्न्मेंट व्हेरिएबल भरा, नाहीतर स्क्रीनवर दिसणारा पत्ता लोकलहोस्ट आणि ५६७८ पोर्टचा असतो, जो बाहेरून कुणालाच लागत नाही.

पुढचा नोड एचटीटीपी रिक्वेस्टचा. पत्ता ऑर्गनायझर, इव्हेंट आणि ऑर्डर कोड या क्रमाने बनतो आणि शेवटी तिरकी रेघ येते. ऑथरायझेशन हेडरमध्ये आधी ‘टोकन’ हा इंग्रजी शब्द, मग एक स्पेस, मग टोकन. सवयीने ‘बेअरर’ लिहिले की ४०१ (ओळख पटली नाही) येते आणि माणूस टोकनच चुकले असे समजून नवे बनवत बसतो. टोकन मिळते टीमच्या पानावर. त्यासाठी वेगळी टीम करा आणि तिला ऑर्डर पाहण्यापुरताच अधिकार द्या. यादी बनवणाऱ्या वर्कफ्लोला रिफंड करण्याचा अधिकार कशासाठी?

उत्तरात आलेल्या ऑर्डरमध्ये पोझिशन्सची यादी असते. एक पोझिशन म्हणजे एक तिकीट, किंवा त्याला जोडलेली जादा वस्तू. इथे थांबून नीट पाहायला हवे. एका ऑर्डरमध्ये दोन प्रवेशिका आणि दोन जेवणे असतील तर चार पोझिशन्स येतात. जेवणाच्या पोझिशनमध्ये ती कोणत्या तिकिटाला जोडलेली आहे त्याचा क्रमांक असतो आणि नावाची जागा सहसा रिकामी असते. हा क्रमांक असलेल्या ओळी वगळल्या नाहीत तर बॅजच्या यादीत बिननावाच्या ओळी येतात आणि उपस्थितीचा आकडा फुगतो. केटररची यादी मात्र नेमकी याच ओळींतून बनते. म्हणून पोझिशन्स वेगळ्या केल्यावर लगेच दोन फाटे पाडा. त्याच ठिकाणी चाचणी ऑर्डरची खूणही तपासा, कारण टेस्ट मोडमधल्या ऑर्डरींच्याही सूचना येतात.

रद्द झालेल्या ऑर्डरींनी सर्वाधिक घात होतो. ऑर्डरची स्थिती एका अक्षरात येते: पैसे बाकी, भरलेले, मुदत संपलेली, रद्द. वाटते की रद्दची सूचना आली म्हणजे स्थितीही रद्द असणार. पण आयोजकाने रद्द करताना काही शुल्क कापून घेतले असेल तर ऑर्डर त्या शुल्कापुरती शिल्लक राहते आणि तिची स्थिती ‘पैसे भरलेले’ अशीच दिसते. रद्द होतात त्या आतल्या पोझिशन्स. आणि रद्द पोझिशन्स एपीआयच्या नेहमीच्या उत्तरात येतच नाहीत. परिणाम असा की वर्कफ्लो ऑर्डर आणतो, स्थिती पाहतो, भरलेली म्हणून पुढे जातो, पोझिशन्सची यादी रिकामी असल्याने काहीच लिहीत नाही, आणि जिथे यादी लिहितो त्या गूगल शीटमधली जुनी ओळ आहे तशी राहते. कुठेही लाल खूण नाही, सगळे हिरवे. तीन तिकिटांतले एक रद्द झाले तरी हेच होते.

उपाय सोपा आहे, पण तो माहीत हवा. विचारणा करताना रद्द पोझिशन्सही द्या असे सांगणारे पॅरामीटर जोडायचे. मग प्रत्येक पोझिशनवर ती रद्द आहे की नाही ही खूण येते आणि त्या खुणेप्रमाणे शीटमध्ये ‘रद्द’ लिहिता येते. ओळ पुसू नका, शिक्का मारा. दारावर वाद झाला तर तीच ओळ कामी येते.

शीटमध्ये लिहिताना ‘नसेल तर जोड, असेल तर बदल’ हा पर्याय निवडा आणि जुळवणीसाठी पोझिशनचा आयडी वापरा. ईमेलवर जुळवणी केली तर एकाच पत्त्यावरून घेतलेली कुटुंबाची चार तिकिटे एका ओळीत कोंबली जातात. मोबाइल क्रमांकाच्या सुरुवातीचे अधिक चिन्ह गूगल शीट्सला सूत्र वाटते आणि +९१ चे नुसते ९१ उरते. म्हणून सेल फॉरमॅट ठरवण्याचे काम शीट्सकडे न देता एन-एट-एनकडे ठेवा. त्यामुळे बरोबरीच्या चिन्हाने सुरू होणारे खोडसाळ नावही सूत्र म्हणून चालत नाही. तारखा साधारणतः यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) येतात. भारतातल्या कार्यक्रमासाठी साडेपाच तास मिळवायला विसरलात तर रात्री बारा ते पहाटे साडेपाचमधली विक्री आदल्या दिवसाच्या हिशेबात जाते, आणि ‘सवलत आज रात्री बारापर्यंत’ अशी जाहिरात केली असेल तर सवलतीनंतरच्या ऑर्डरी सवलतीच्या दिवसात मोजल्या जातात.

आता पोचण्याच्या हमीबद्दल. प्रीटिक्सचे नियम स्वच्छ आहेत आणि लिहून ठेवलेले आहेत, याबद्दल त्यांचे मनापासून कौतुक करायला हवे. उत्तरात २०० ते २९९ मधला (‘मिळाले’ असे सांगणारा) कोड आला तरच सूचना पोचली असे धरले जाते. उत्तराची वाट ३० सेकंद पाहिली जाते. नाही मिळाले तर वाढत्या अंतराने तीन दिवसांपर्यंत पुन्हा प्रयत्न होतात. ४१० (‘पत्ता कायमचा गेला’) उत्तर दिले तर तो वेबहूकच बंद केला जातो. आणि रीडायरेक्ट, म्हणजे दुसऱ्या पत्त्याकडे वळवणारे उत्तर, हे अपयश. प्रीटिक्स नव्या पत्त्यावर जात नाही.

या शेवटच्या नियमाने खूपजण अडकतात. एचटीटीपीवरून एचटीटीपीएसवर नेणारा ३०१, डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू जोडणारा ३०१, शेवटची तिरकी रेघ लावणारा ३०१, सगळे अपयशात जमा. पत्ता अखेरच्या रूपातच द्यावा. पण सगळ्यांत फसवे प्रकरण गूगल ॲप्स स्क्रिप्टचे, म्हणजे शीटला जोडून लिहिता येणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमचे. फुकट आहे, शीट शेजारीच आहे, म्हणून पुष्कळजण सूचना थेट तिथे पाठवतात. ॲप्स स्क्रिप्टमधून कंटेंट सर्व्हिस या तिच्या सोयीने उत्तर दिले की गूगल ते थेट देत नाही, दुसऱ्या पत्त्याकडे ३०२ ने वळवते. स्क्रिप्ट तोवर चाललेली असते आणि ओळ लिहिलेली असते. प्रीटिक्सच्या लेखी मात्र सूचना फसली. मग तीच सूचना पुन्हा येते, पुन्हा ओळ लिहिली जाते, आणि हे तीन दिवस चालते. शीटमध्ये एकाच माणसाच्या ओळींची रांग दिसली, त्यांच्यातले अंतर वाढत चाललेले दिसले, तर कारण हेच. ॲप्स स्क्रिप्ट या कामासाठी मधल्या पायरीशिवाय वापरू नये असे आमचे स्पष्ट मत आहे.

एन-एट-एनमध्ये उत्तर कधी द्यायचे हा यापुढचा निर्णय, आणि दोन्ही पर्यायांत धोका आहे. ‘लगेच’ निवडले तर प्रीटिक्सला तत्काळ २०० जाते. पुढे शीटमध्ये लिहिणे फसले तरी प्रीटिक्सला त्याचा पत्ता नसतो आणि ती सूचना पुन्हा येत नाही. ‘शेवटचा नोड संपल्यावर’ निवडले तर अपयश प्रीटिक्सपर्यंत पोचते आणि पुन्हा प्रयत्न होतो, पण सगळे ३० सेकंदांत उरकले पाहिजे. मेल पाठवणे, पीडीएफ बनवणे असे काही मध्ये असेल तर वेळ उलटते, काम झालेले असूनही सूचना पुन्हा येते आणि माणसाला दोनदा मेल जातो.

आमची शिफारस ‘लगेच’ची आहे, मात्र दोन पथ्ये पाळून. मेलसारखे परत न घेता येणारे काम करण्याआधी पोझिशनचा आयडी कुठेतरी नोंदवून ‘हे झाले आहे का’ ते तपासायचे. आणि निसटलेल्या ऑर्डरी वेळापत्रकाने गोळा करायच्या.

निसटतात हे नक्की. गूगल शीट्सच्या एपीआयची मर्यादा एका वापरकर्त्याला मिनिटाला ६० वाचने आणि ६० लेखने अशी आहे, आणि जोडणे-किंवा-बदलणे करताना दरवेळी आधी वाचन होते. विक्री उघडली की पहिल्या काही मिनिटांत ही मर्यादा सहज ओलांडली जाते. एन-एट-एनच्या नोडवर पुन्हा प्रयत्नाची सोय आहे, पण जास्तीत जास्त पाच प्रयत्न, आणि दोन प्रयत्नांमध्ये फार तर ५ सेकंद. मिनिटाची मर्यादा उलटायला हे पुरत नाही. शिवाय एकाच ऑर्डरच्या दोन सूचना एकाच वेळी चालू झाल्या तर दोघांनाही ओळ सापडत नाही आणि दोघेही नवी जोडतात. मोठ्या कार्यक्रमाला, हजारभर तिकिटांच्या पुढे, शीट हे मूळ ठिकाण ठेवूच नका. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये पोझिशन आयडीवर युनिक (एक आयडी एकदाच) बंधन घालून लिहा आणि शीटमध्ये दर दहा मिनिटांनी एकदम प्रत उतरवा.

गोळा करण्याची सोय प्रीटिक्सने फार विचारपूर्वक दिली आहे. ऑर्डरींची यादी मागताना ‘या वेळेनंतर बदललेल्या’ अशी अट घालता येते, आणि उत्तराच्या हेडरमध्ये ती यादी बनवायला सुरुवात झाली ती सर्व्हरची वेळ येते. पुढच्या विचारणेला तीच वेळ द्यायची. आपल्या घड्याळाची वेळ दिली तर दोन घड्याळांतल्या फरकात एखादी ऑर्डर हरवते. दर १५ मिनिटांनी हे चालवा, आलेल्या ऑर्डरी त्याच वर्कफ्लोच्या मधल्या भागात सोडा. वेबहूक वेगासाठी, ही फेरी खात्रीसाठी. कुणी विचारेल, मग वेबहूक कशाला? नाव दुरुस्त केल्यावर बॅज काउंटरवर ते काही सेकंदांत दिसावे म्हणून.

चेक-इनच्या, म्हणजे दारावर तिकीट स्कॅन झाल्याच्या, सूचना वेगळ्या जातीच्या आहेत. त्यात पोझिशनचा आयडी, चेक-इन यादी आणि हा पहिलाच प्रवेश आहे का, हेही येते. दारावरचे फोन ऑफलाइन चालत असतील तर स्कॅन फोनवरच साठतात आणि नेटवर्क आल्यावर एकदम वर जातात. म्हणून आत आल्याची वेळ सूचना पोचली त्या क्षणावरून काढू नका. पोझिशनमधल्या चेक-इनच्या नोंदीत प्रत्यक्ष वेळ असते. ‘तुम्ही आत आलात, स्वागत’ असा संदेश यावर लावणार असाल तर दहा मिनिटांहून जुनी नोंद गाळा, नाहीतर सकाळचे स्वागत जेवणाच्या वेळी पोचते.

प्रीटिक्स स्वतःच्या सर्व्हरवर ठेवणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. सूचना वेब प्रोसेस पाठवत नाही, मागे चालणारा सेलरी या कामांच्या रांगेचा वर्कर पाठवतो. तो बंद पडला तरी दुकान उघडे दिसते, तिकिटे विकली जातात, फक्त सूचना निघत नाहीत. वर्करवर स्वतंत्र नजर हवी. आणि मुदत संपलेल्या ऑर्डरी बाद करण्याचे काम क्रॉनमधून, म्हणजे सर्व्हरवर ठरल्या वेळी कामे चालवणाऱ्या सोयीतून, चालते. ती ओळ इन्स्टॉल करताना राहिली असेल तर ‘मुदत संपली’ ही सूचना येणारच नाही आणि अडकलेल्या जागा सुटणार नाहीत.

उणिवा आहेत. ज्यांना तिकीटप्रणालीच्या एका पडद्यावर दोन क्लिक करून मेलची यादी जोडायची आहे, त्यांना हे जड जाईल. एपीआयची दुसरी फेरी करता येणारा एक माणूस संघात हवाच. ऑर्डरमध्ये एकाच वेळी तीन फेरफार केले तर तीन सूचना येतात आणि तीनदा तीच ऑर्डर आणावी लागते. रक्कम आकड्यात नाही, मजकुरात येते, त्यामुळे बेरजेआधी रूपांतर करावे लागते. पैशांच्या बाबतीत हेच योग्य, तरी शीटमध्ये बेरीज शून्य दिसली की माणूस चमकतो.

वैयक्तिक माहितीबाबत प्रीटिक्सची बाजू स्वच्छ असली तरी एन-एट-एनची तुम्हाला सांभाळावी लागते. एपीआयचे उत्तर, म्हणजे नावे, ईमेल, मोबाइल, त्याच्या अंमलबजावणीच्या नोंदीत जसेच्या तसे साठते, आणि जुन्या नोंदी काढून टाकण्याची मूळ मुदत ३३६ तास, म्हणजे १४ दिवस आहे. यशस्वी झालेल्या नोंदी साठवूच नका असे सेटिंग करता येते. फसलेल्या तेवढ्या ठेवा. कार्यक्रम संपला, रिफंड उरकले, की टीमचे टोकन रद्द करा, आणि वेबहूक फक्त त्या एका इव्हेंटसाठी केलेला असेल तर त्याच्या पत्त्यावरून ४१० उत्तर द्या. पुढच्या सूचनेला प्रीटिक्स तो स्वतःच बंद करते.